खाऱ्या पाण्याच्या टाकीतले नको असलेले जीव: ओळख आणि बंदोबस्त

खाऱ्या पाण्याच्या टाकीत आपण विकत आणतो त्यापेक्षा कितीतरी जास्त जीव राहतात. लाइव्ह रॉकच्या (जीवजंतू वसलेल्या समुद्री खडकाच्या) भोकांतून, कोरलचा (प्रवाळाचा) तुकडा ज्या छोट्या बैठकीवर चिकटवतात त्या फ्रॅग प्लगखालून, शेवाळाच्या गुंत्यातून, अगदी गोगलगाईच्या शंखावर बसूनही ते आत येतात. त्यातले बहुतेक उपयोगाचे किंवा निरुपद्रवी असतात. थोडे त्रासदायक. आणि अगदी मोजके असे, की दिसले त्याच दिवशी हातातलं काम टाकून त्यांच्या मागे लागावं. या तिघांत गल्लत झाली की टाकीचे हाल होतात. माझ्या पाहण्यात तर उपद्रवी जिवांनी जेवढं नुकसान केलं, त्याहून जास्त घाईघाईने ओतलेल्या औषधांनी केलं आहे.

म्हणून क्रम ठरलेला ठेवा. आधी ओळख पटवायची, मग त्याची संख्या कशामुळे वाढली ते बघायचं, मग हाताने काढायचं, तेवढ्याने भागलं नाही तर त्याला खाणारा प्राणी आणायचा, आणि औषध सगळ्यात शेवटी. दोन-तीन ठिकाणी हा क्रम मोडावा लागतो, ते त्या त्या ठिकाणी सांगतो.

ओळख रात्री पटते

दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद लावून टाकीसमोर बसा. लाल उजेड बहुतेक अपृष्ठवंशी प्राण्यांना नीट दिसत नाही, त्यामुळे ते पळत नाहीत. आधी वाळूची कड बघा, मग खडकाच्या फटी, मग कोरलचा बुंधा. पाणी खाली सोडणारा ओव्हरफ्लोचा डबा आणि टाकीखालची गाळणीची टाकी, म्हणजे सम्पही बघायचा, कारण तिथे मासे नसतात आणि नको ते जीव निवांत वाढतात. काही दिसलं की हात घालू नका, फोटो काढा. मोबाइलला मॅक्रो लेन्स असेल तर उत्तम, नाहीतर काचेला भिंग टेकवून त्यातून फोटो काढला तरी चालतं.

जीव दिसला नाही तरी नुकसानीची खूण बरंच सांगते. कोरलची कड पांढरी पडत मागे सरकत असेल तर न्युडिब्रँक या बिनशंखाच्या समुद्री गोगलगाईचा संशय घ्यावा. फांद्यांच्या कठीण कोरलच्या, म्हणजे अ‍ॅक्रोपोराच्या अंगावर फिकट गोल चट्टे असतील तर चपटे किडे. सकाळी मऊ कोरलचा लचका तुटलेला दिसला तर खेकडा किंवा मोठा किडा. गोगलगाईंचे रिकामे शंख एकाच बिळासमोर साचत असतील आणि रात्री काचेवर टिचकी मारल्यासारखा आवाज येत असेल, तर मँटिस श्रिंप हा कोळंबीसारखा शिकारी प्राणी असू शकतो. नुसता आवाज मात्र पुरावा नव्हे. पिस्टल श्रिंपही तसाच आवाज काढतो आणि तो बिचारा सहसा कुणाच्या वाटेला जात नाही.

यांना मारू नका

नवख्या माणसाला सर्वात आधी घाबरवतो तो ब्रिसलवर्म. गुलाबी-करडा, दोन्ही बाजूंनी पांढऱ्या केसांच्या झुपक्यांचा हा किडा दिसायला ओंगळ असला तरी टाकीतला सफाई कामगार आहे. मेलेला मासा, उरलेलं खाणं, खडकाखाली सडणारा कचरा तो फस्त करतो. मेलेल्या माशाभोवती दहा किडे दिसले म्हणजे त्यांनी मासा मारला असं होत नाही. मासा मेला म्हणून ते जमलेले असतात. त्यांची संख्या फार वाढली असेल तर खाणं कमी करा, काही आठवड्यांत ती आपोआप खाली येते. उघड्या हाताने मात्र धरू नका. केस कातडीत रुततात आणि आग होते. रुतलेच तर चिकटपट्टी लावून ओढून काढा आणि मग तिथे व्हिनेगर लावा.

अ‍ॅम्फिपॉड, कोपेपॉड, छोटे ब्रिटल स्टार, कायटन, स्टोमाटेला गोगलगाय, सम्पच्या काचेवरचे तांदळाच्या कणीएवढे वेटोळे पांढरे नळीकिडे, अंधारात उगवणारे छोटे पांढरे स्पंज, हे सगळे राहू द्या. अ‍ॅस्टेरिना हे नखाएवढे वेडेवाकडे तारामासेही बहुतेक काचेवरचा थर खातात. काही जातींचे झोअँथिड या बटणांसारख्या कोरलवर बसून ते खाताना आढळतात, त्यामुळे तसं दिसलं तरच काढा. त्यांच्यासाठी हार्लेक्विन श्रिंप आणायचा विचार असेल तर एक गोष्ट आधी ठरवा. तो तारामाशांवरच जगतो. अ‍ॅस्टेरिना संपले की त्याला आयुष्यभर तारामासे पुरवायची तयारी हवी, नाहीतर तो उपाशी मरतो.

आयप्टेशिया

तपकिरी, पारदर्शक देठ, वर बारीक टोकदार शुंडकांची छत्री, आणि सावली पडली तरी क्षणात भोकात गुडूप, असं काही दिसलं तर ते आयप्टेशिया. हे समुद्रफूल शेजारच्या कोरलला डंख मारतं आणि झपाट्याने पसरतं. तळाचा बारीकसा तुकडा खडकावर राहिला तरी त्यातून नवं फूल उगवतं. त्यामुळे ब्लेडने खरवडणं, चिमट्याने ओढणं, बोटाने चिरडणं हे तिन्ही उपाय म्हणजे त्याची लागवड करणं.

याच्यासारखंच दुसरं म्हणजे मॅजानो. शुंडकं आखूड आणि जाड, टोकाला फुगीर, रंग बहुधा हिरवट. बबल टिप अ‍ॅनिमोनचं पिल्लू समजून कित्येक जण ते हौसेने वाढवतात. बंदोबस्त आयप्टेशियासारखाच, फक्त मॅजानो अधिक चिवट.

पाच-सात फुलं असतील तर सिरिंजने मारता येतात. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची भुकटी, म्हणजे टाकीला जे काल्कवासर देतात तेच, थोड्या आरओ पाण्यात कालवा. टूथपेस्टपेक्षा किंचित पातळ, सिरिंजमध्ये ओढली जाईल इतपत. हा लगदा खूप दाहक असतो, त्याचा पीएच १२ च्या वर जातो. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा लावल्याशिवाय सुरुवात करू नका. पुढे असं करा:

१. रिटर्न पंप आणि वेव्हमेकर बंद करा. पाणी स्थिर व्हायला पाच मिनिटं द्या.

२. बोथट सुई लांब नळीला लावून फुलाच्या वरून हळूहळू खाली आणा. सुईची किंवा हाताची सावली फुलावर पडू देऊ नका. बाजूने येऊ नका, फूल लगेच मिटतं.

३. सुईचं टोक तोंडाच्या वर जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरवर आलं की थोडा लगदा सोडा. भूक लागलेलं फूल तो खाणं समजून आत ओढतं. मग ते मिटलं की भोकाच्या तोंडावरही थोडा थापा.

४. पंधरा-वीस मिनिटं थांबा, वर राहिलेला पांढरा लगदा सिरिंजने परत ओढून घ्या, आणि मगच पंप सुरू करा. नाहीतर तो उडून कोरलवर बसतो आणि तिथली कातडी भाजते.

एका वेळी आठ-दहापेक्षा जास्त फुलं मारू नका. पीएच आणि अल्कलिनिटी एकदम चढली तर त्याचा त्रास कोरलना फुलांपेक्षा जास्त होतो. बाजारात याच कामाची तयार औषधं मिळतात, ती वापरायला सोपी आहेत, बाकी रीत हीच. लिंबाचा रस किंवा व्हिनेगरही चालतं, पण ते फुलाच्या अंगात टोचावं लागतं, आणि फूल मिटायच्या आत ते जमायला हात बसलेला हवा. फुलं असलेला छोटा दगड बाहेर काढण्यासारखा असेल तर तो काढून टाकणं सगळ्यात सोपं.

सात-आठ दिवसांनी त्याच जागा पुन्हा बघा. एक-दोन ठिकाणी नवं फूल हमखास डोकं वर काढतं.

संख्या पन्नासच्या पुढे गेली की सिरिंजचा नाद सोडा आणि खाणारा प्राणी आणा. पेपरमिंट श्रिंप हा सर्वांना सुचणारा पर्याय, आणि लहान फुलांवर तो बऱ्यापैकी चालतो. पण सगळे पेपरमिंट श्रिंप आयप्टेशिया खात नाहीत. वर भरपेट खाणं मिळत असेल तर फुलाकडे कोण बघतंय! त्याच्यासारखाच दिसणारा कॅमल श्रिंप चुकून आणला तर तो फुलं सोडून झोअँथिड आणि मऊ कोरल कुरतडतो. ओळखायची खूण अशी: कॅमलच्या पाठीला ठळक कुबड असतं आणि लाल अंगावर पांढऱ्या रेषा व ठिपके उठून दिसतात. पेपरमिंट फिकट, जवळजवळ पारदर्शक, अंगावर बारीक लाल रेघा.

कॉपरबँड बटरफ्लायफिश आयप्टेशिया आवडीने खातो, पण टाकीत त्याला खायला लावणं हेच मोठं काम आहे. मोठी, जुनी, स्थिर टाकी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. अ‍ॅक्रेइक्थिस जातीचा फाइलफिश त्यापेक्षा काटक, मात्र काही वेळा तो मांसल कोरलनाही तोंड लावतो.

माझी पसंती बर्घिया न्युडिब्रँकला. बोटाच्या पेरापेक्षा लहान, अंगावर पिसांसारखे झुपके असलेला हा प्राणी आयप्टेशियाशिवाय काहीही खात नाही, म्हणून कोरलना धोका शून्य. त्याला टाकीत सोडायची मात्र रीत आहे. दिवे बंद झाल्यावर, पंप थांबवून, फुलांच्या गर्दीजवळच्या खडकाच्या फटीत नळीने अलगद सोडा. एकेक इकडेतिकडे टाकू नका, पाच-सहा एकत्र सोडले तर त्यांची जोडी जमते आणि वेटोळ्यासारखी पांढरी अंडी दिसू लागतात. पंपांच्या तोंडाला स्पंज लावा. टाकीत सहा पट्ट्यांचा रास मासा किंवा पेपरमिंट श्रिंप असेल तर ते बर्घिया गट्टम करतात, म्हणजे दोन्ही उपाय एकाच वेळी नाहीत. पहिले काही आठवडे काहीच घडलेलं दिसणार नाही. मग एका भागातली फुलं विरळ होतात आणि तिथून पुढे वेग येतो. फुलं संपली की बर्घियांना खायला उरत नाही. ते तडफडायच्या आत दुसऱ्या कुणाच्या टाकीत द्या.

लाल चपटे किडे

खडकावर आणि काचेवर गंजाच्या रंगाचे, दोन-पाच मिलिमीटरचे, शेपटीला खाच असलेले चपटे ठिपके सरकताना दिसले तर ते प्लॅनेरिया म्हणून ओळखले जाणारे किडे. ते कोरल खात नाहीत. अंगातल्या शैवालावर जगतात, म्हणून उजेडाच्या आणि कमी प्रवाहाच्या जागी गोळा होतात, आणि दाटी झाली की कोरलचा उजेड अडवतात. खरा धोका ते मरतात तेव्हा. अंगातलं विष पाण्यात उतरतं, आणि हजारो किडे एकाच वेळी मेले तर मासे तासाभरात धापा टाकू लागतात.

म्हणून इथे कष्ट औषधाच्या आधी करायचे. एअरलाइनची बारीक नळी घेऊन किडे सायफनने ओढा, नळीचं दुसरं टोक सम्पमधल्या फिल्टर सॉकमध्ये (गाळणीच्या पिशवीत) सोडा, म्हणजे पाणी वाया न घालवता हवा तितका वेळ ओढत बसता येतं. दोन-तीन दिवसाआड हे तीन-चार वेळा करा. प्रवाह वाढवा. पिवळा कोरिस रास किंवा सहा पट्ट्यांचा रास काही किडे खाईल. संख्या निम्म्याहून बरीच खाली आल्याशिवाय औषधाची बाटली उघडायची नाही.

औषधाच्या दिवशी हाताशी ताजं कार्बन (पाण्यातलं विष शोषणारा कोळसा) आणि एक-चतुर्थांश टाकीभर मिसळून ठेवलेलं खारं पाणी तयार हवं. टाकीतलं पाणी आणि आठ-दहा किडे एका ग्लासात घेऊन आधी त्यात औषधाचं प्रमाण तपासा. किडे काही मिनिटांत गुंडाळले पाहिजेत. मग बाटलीवरच्या मात्रेप्रमाणे टाकीत द्या, सुटून तरंगणारे किडे लगेच ओढून काढत राहा, बाटलीवर सांगितलेली वेळ झाली की कार्बन सुरू करा आणि पाणी बदला. मधेच मासे जोरात श्वास घेऊ लागले तर वेळ संपायची वाट बघू नका. अंड्यांवर औषध चालत नाही असं धरून आठवडाभराने दुसरी फेरी करा. ती सहसा पहिलीपेक्षा सोपी जाते.

कोरल खाणारे: इथे थांबायचं नाही

मॉन्टिपोरा या कठीण कोरलच्या खालच्या बाजूला पांढरे, काही मिलिमीटरचे, झुपकेदार न्युडिब्रँक, झोअँथिडवर त्याच पॉलिपच्या, म्हणजे कोरलच्या एकेका जिवाच्या, रंगात लपलेले त्यांचे भाऊबंद, आणि अ‍ॅक्रोपोराला चिकटलेले जवळजवळ अदृश्य चपटे किडे, हे तिघे कोरलवरच जगतात. अ‍ॅक्रोपोराच्या किड्याला शास्त्रीय नाव २०११ मध्ये मिळालं, हौशी लोकांनी त्याचा मार त्याआधीच खाल्ला होता. तो डोळ्यांनी शोधत बसू नका. टर्की बास्टरने (रबरी फुग्याच्या मोठ्या पिचकारीने) कोरलवर जोरात पाणी मारा, किडा सुटून वाहताना दिसतो.

इथे 'वाट बघू' चालत नाही. कोरल बाहेर काढता येत असेल तर त्याच दिवशी काढा. डिपसाठी, म्हणजे कोरल औषधाच्या पाण्यात बुडवण्यासाठी, टाकीच्याच पाण्याच्या तीन बादल्या घ्या. पहिलीत डिपचं औषध, बाकी दोन धुण्यासाठी. डिपमध्ये कोरल ठेवल्यावर बास्टरने फांद्यांच्या मधून पाणी मारत राहा, सुटलेले किडे तळाला पांढऱ्या बादलीत स्पष्ट दिसतात. वेळ बाटलीवर लिहिलेली, त्याहून जास्त नको. दोन्ही बादल्यांतून धुऊन झालं की खरं काम सुरू होतं. डिपने अंडी मरत नाहीत. भिंग घेऊन बुंध्याजवळच्या मेलेल्या सांगाड्यावर तपकिरी अंड्यांचे पुंजके शोधा आणि खरवडून काढा. त्याहून बरं म्हणजे जिवंत भाग कापून नव्या प्लगवर लावा आणि जुना प्लग फेकून द्या. आठवड्यातून एकदा, निदान पाच-सहा आठवडे ही कवायत चालते. मधला एक आठवडा चुकवला की अंड्यांतून निघालेली नवी पिढी पुन्हा अंडी घालते आणि सगळं पहिल्यापासून.

रेड बग हे वेगळं प्रकरण. अर्ध्या मिलिमीटरचे, पिवळट अंगावर लाल ठिपका असलेले हे जीव अ‍ॅक्रोपोराच्या अंगावर फिरतात आणि कोरलचा रंग उतरतो. त्यांच्यावर मिल्बेमायसिन ऑक्झाइम हे कुत्र्यांना जंतांसाठी देतात ते औषध चालतं. ते पशुवैद्यांकडूनच घ्यावं लागतं. पण हे औषध कोळंबी-खेकड्यांच्या वर्गातल्या सगळ्याच जिवांना मारतं, म्हणून टाकीतल्या कोळंब्या आणि खेकडे आधी बाहेर काढा. अ‍ॅम्फिपॉड, कोपेपॉड जाणारच. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते इथे.

खेकडे, मँटिस आणि लांब किडा

केसाळ अंगाचे, काळ्या टोकाच्या नांग्या असलेले, लालबुंद डोळ्यांचे खेकडे संशयित समजा. नांग्यांची टोकं चमच्यासारखी सपाट असतील तर तो बहुधा शेवाळ खाणारा. पकडायला सोपा सापळा: उंच काचेचा ग्लास खडकाला तिरका टेकवा, आत कोळंबीचा तुकडा, रात्रभर ठेवा. खेकडा आत घसरतो, गुळगुळीत काचेवरून वर चढता येत नाही.

मँटिस श्रिंप ग्लासात सहसा येत नाही. त्याचं बीळ कोणत्या दगडात आहे ते आधी पक्कं करा, मग तो दगडच बादलीत काढा. भोकात सोडावॉटर सिरिंजने मारलं की तो बाहेर येतो. हे टाकीच्या बाहेरच करायचं. दुसरा मार्ग म्हणजे दगड मिनिटभर जास्त खारट पाण्यात बुडवून उचलणं, विशिष्ट गुरुत्व १.०३५ च्या आसपास. खेकडे आणि किडेही त्याने बाहेर पडतात. बोट मात्र भोकाजवळ नेऊ नका. तो बोट फोडतो हे अतिशयोक्तीने सांगितलं जात नाही. पकडला तर मारायची गरज नाही. स्वतंत्र छोट्या टाकीत तो फार मजेदार प्राणी आहे.

युनिस जातीचा लांब किडा ब्रिसलवर्मपेक्षा वेगळा ओळखू येतो. अंगावर इंद्रधनुषी चकाकी, डोक्यावर पाच शुंडकं. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकी इथल्या ब्लू रीफ अ‍ॅक्वेरियममध्ये कोरल तुटलेली सापडत होती. सापळे लावून काही उपयोग झाला नाही, शेवटी एकेक दगड काढून टाकी रिकामी केली तेव्हा जवळपास चार फुटांचा किडा हाती लागला. घरच्या टाकीतही हाच मार्ग: ओढून काढायला जाऊ नका, तुटलेला भाग खडकात तसाच राहतो. तो ज्या दगडात आहे तो दगडच हलवा.

नळीच्या गोगलगाई आणि बाकीचे

व्हर्मेटिड गोगलगाय खडकाला धारदार चुन्याची नळी चिकटवून बसते आणि खाणं पडलं की चिकट जाळं सोडते. ते जाळं कोरलवर लागलं की पॉलिप मिटतात. पकडीने नळी बुंध्याशी मोडा आणि तोंड जेल सुपरग्लूने बुजवा. सगळ्या कधीच संपत नाहीत. बारीक पूड खाणं कमी केलं की वाढ मात्र मंदावते.

टर्बो गोगलगाईच्या शंखाच्या कडेला किंवा शिंपल्याच्या बुडाशी तांदळाएवढ्या पांढऱ्या गोगलगाई दिसल्या तर त्या पिरॅमिडेलिड, रस शोषणाऱ्या. रात्री टूथब्रशने पाडून ओढून घ्या, रोज, अंडी दिसेनाशी होईपर्यंत.

बबल अल्गी हा प्राणी नव्हे, पण तक्रार तीच. तो चमकदार हिरवा फुगा म्हणजे एकच पेशी असते. न फोडता बुडाशी नख घालून उचला. एमराल्ड खेकडा मदत करतो, पण तो भुकेला राहिला तर कोरलही चाखतो.

दोन गोष्टी कधीही नाहीत

तांब्याचं औषध कोरलच्या टाकीत घालायचं नाही. ते खडक आणि वाळूत शोषलं जातं, हळूहळू परत सुटतं, आणि अपृष्ठवंशी जिवांना ते अगदी कमी प्रमाणातही घातक आहे.

दुसरी गोष्ट माणसाच्या जिवावरची. उपद्रव संपवायला लाइव्ह रॉक उकळायचा नाही. काही झोअँथिड आणि त्यांच्या नात्यातल्या पॅलिथोआंमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं, ते वाफेबरोबर श्वासात जातं आणि घरातल्या सगळ्यांना रुग्णालय गाठावं लागल्याच्या नोंदी आहेत. दगड मोकळा करायचाच असेल तर बाहेर उन्हात काही आठवडे पूर्ण वाळवा. अशा कोरलचा दगड घासतानाही हातमोजे आणि चष्मा हवाच. हातावर जखम असेल तर ते काम जखम भरल्यावर करा.

नवीन कोरल आलं की

वरचं सगळं टाळायचं असेल तर वेगळी छोटी टाकी लावा: हीटर, छोटा पंप, दिवा, आत खडक नाही आणि वाळूही नाही. उघड्या तळावर काही पडलं, सरकलं की दिसतं. कोरल आलं त्याच दिवशी डिप करा, जुना प्लग काढा, नव्यावर लावा. मग सहा आठवडे तिथेच राहू द्या, दर आठवड्याला रात्री लाल टॉर्चने पाहणी आणि पुन्हा डिप. ज्या पिशवीतून कोरल आलं तिचं पाणी टाकीत ओतू नका. दोन्ही टाक्यांचे चिमटे, बास्टर आणि जाळी वेगवेगळी ठेवा, आणि त्यांच्यावर खुणेचा रंगीत टेप लावा, कारण घाईत सगळ्या नळ्या सारख्याच दिसतात.